लोण्याचा प्रांत: उत्तर कारेलियातील हृदयविकार प्रतिबंधाचा इतिहास

फिनलंडच्या पूर्व टोकाला, रशियाच्या सीमेला लागून उत्तर कारेलिया हा प्रांत आहे. जोएन्सू हे त्याचे मुख्य शहर. बाकी मुलूख जंगलांचा, तळ्यांचा आणि एकमेकींपासून लांब विखुरलेल्या वाड्यावस्त्यांचा. १९७० च्या सुमारास येथे एक लाख ऐंशी हजारांच्या आसपास लोक राहत. बहुतेकांचे पोट लाकूडतोडीवर आणि गोठ्यातल्या मोजक्या गाईंवर चाले. फिनलंडमधला हा गरीब प्रांत. १९६० च्या दशकाच्या अखेरीस फिनलंडमधील पुरुषांचा हृदयविकाराने होणारा मृत्युदर जगात सर्वांत जास्त होता आणि फिनलंडमध्ये तो उत्तर कारेलियात सर्वांत जास्त होता. चाळिशी-पन्नाशीतली कर्ती माणसे जंगलात, शेतावर, घरात कोसळत आणि प्रत्येक गावात तरुण विधवा असत. ग्रामीण भागासाठी हृदयविकार प्रतिबंधाचा पहिला मोठा, आखीव कार्यक्रम याच प्रांतात १९७२ साली सुरू झाला. नंतर जगभर झालेल्या अशा प्रयत्नांचा तो मूळ नमुना ठरला.

हा आजार येथे कसा आला, याचे उत्तर युद्धात आणि युद्धानंतरच्या पुनर्वसनात सापडते. १९३९ ते १९४४ या काळात फिनलंडने सोव्हिएत संघाशी दोन युद्धे केली. तहात कारेलियाचा मोठा भाग गेला आणि चार लाखांहून अधिक लोक विस्थापित झाले. विस्थापितांना आणि परतलेल्या सैनिकांना सरकारने जमिनीचे तुकडे वाटले. थंडी इतकी, की त्या जमिनीत धान्य जेमतेम पिके. गवत मात्र भरपूर येई. त्यामुळे गाय हाच संसाराचा आधार झाला. युद्धातली उपासमार आणि १९५४ पर्यंत रेंगाळलेले रेशनिंग सोसलेल्या पिढीच्या घरात आता दूध, साय आणि लोणी यांची चंगळ सुरू झाली. ताटात लोणी असणे म्हणजे वाईट दिवस सरले असे मानले जाई. पावावर लोण्याचा जाड थर, जेवणाबरोबर सायीचे दूध, डुकराचे मांस, सॉसेज, खारवलेले मासे असा रोजचा आहार होता. हिरव्या भाज्यांना गुरांचा चारा समजले जाई. सैन्यात असताना लागलेले सिगारेटचे व्यसन पुरुष घरी घेऊन आले होते. अशी वीस-पंचवीस वर्षे गेली आणि त्याचे परिणाम मृत्यूच्या नोंदींत उतरू लागले.

त्या नोंदींकडे शास्त्रज्ञांचे लक्ष आधीच गेले होते. अमेरिकेतील शरीरक्रियाशास्त्रज्ञ अ‍ॅन्सेल कीज यांनी १९५८ पासून सात देशांतील पुरुषांचा दीर्घकालीन अभ्यास सुरू केला. फिनलंडमध्ये त्यांचे सहकारी होते मार्टी कार्वोनेन. १९५९ साली कार्वोनेन यांच्या पथकाने दोन ग्रामीण गट निवडले. एक देशाच्या पश्चिम भागातला, दुसरा पूर्वेकडच्या इलोमान्त्सी भागातला. हा भाग उत्तर कारेलियातच येतो. सातही देशांच्या सोळा गटांत हृदयविकाराचे सर्वाधिक प्रमाण इलोमान्त्सीकडच्या या गटात निघाले. क्रीट बेट आणि जपानमधल्या गटांत ते सर्वांत कमी होते. पूर्व फिनलंडच्या आहारातील उष्मांकांपैकी पाचव्या हिश्शाहून अधिक उष्मांक संपृक्त चरबीतून येत होते.

या निष्कर्षातला एक भाग त्या काळच्या समजुतीला धक्का देणारा होता. हृदयविकार हा बैठे काम करणाऱ्या, सुखवस्तू, शहरी माणसाचा आजार, अशी सर्वसाधारण धारणा होती. इलोमान्त्सीचा लाकूडतोड्या मात्र दिवसभर बर्फात घाम गाळणारा, काटक माणूस होता आणि तरीही तो मरत होता. कीज यांनी देश कसे निवडले यावर पुढे बरीच टीका झाली. परंतु पूर्व आणि पश्चिम फिनलंडमधला फरक एकाच देशातला, एकाच मोजपट्टीने मोजलेला होता. तो नाकारता येण्यासारखा नव्हता. काही डॉक्टर हे आनुवंशिकतेवर ढकलत. रक्तातले कोलेस्टेरॉल जन्मतः वाढवणारा एक जनुकीय दोष या प्रांतात खरोखरच आढळतो आणि त्याला प्रांताचेच नाव आहे. पण तो थोड्या कुटुंबांत असतो. गावेच्या गावे ओस पाडण्याइतका तो पसरलेला नव्हता.

१२ जानेवारी १९७१ रोजी प्रांताचे राज्यपाल एसा टिमोनेन, तेथील संसदसदस्य आणि निरनिराळ्या संस्थांचे प्रतिनिधी यांनी सरकारकडे एक निवेदन दिले. या आजाराचे ओझे कमी करण्यासाठी तातडीने काहीतरी करा, अशी त्यात मागणी होती. या कार्यक्रमाच्या इतिहासात या कागदाला फार महत्त्व आहे. बहुतेक आरोग्य योजना राजधानीत ठरतात आणि मग गावाने त्या पत्करायच्या असतात. येथे मागणी गावाकडून गेली होती. पुढे जेव्हा लोणी सोडा, तंबाखू सोडा असे सांगायची वेळ आली, तेव्हा सांगणाऱ्याला तुम्हाला कोणी बोलावले, असा प्रश्न कोणी विचारला नाही.

त्याच वर्षी फिनलंडचे तज्ज्ञ आणि जागतिक आरोग्य संघटनेचे सल्लागार यांनी एकत्र बसून आराखडा केला. कार्वोनेन यांचा आग्रह होता की प्रमुख तरुण असावा, कारण काम अनेक वर्षे चालणार होते. पेक्का पुस्का हा १९४५ साली जन्मलेला डॉक्टर निवडला गेला. वैद्यकाबरोबर त्याने समाजशास्त्रांचाही अभ्यास केला होता. त्याने हे काम १९९७ पर्यंत, म्हणजे सलग पंचवीस वर्षे चालवले. शेजारचा कुओपिओ प्रांत तुलनेसाठी घेण्यात आला. तेथे मुद्दाम काही करायचे नव्हते, फक्त मोजायचे होते.

१९७२ च्या वसंत ऋतूत दोन्ही प्रांतांत पाहणी झाली. उत्तर कारेलियातील ३० ते ५९ वयाच्या पुरुषांपैकी ५२ टक्के धूम्रपान करत होते. त्यांचा सरासरी रक्तदाब १४९/९२ होता. आज इतका आकडा एका माणसाचा आला तरी डॉक्टर उपचारांचा विचार करतात. येथे तो अख्ख्या प्रांताची सरासरी होता. कोलेस्टेरॉलची सरासरी आपल्याकडच्या मापात २६५ मिलिग्रॅमच्या वर होती. आज २०० च्या आत असावे असे सांगतात. नव्वद टक्क्यांच्या आसपास लोक पावाला लोणी लावत आणि स्वयंपाकात वनस्पती तेल जवळजवळ कोणीच वापरत नव्हते.

या पाहणीनेच कामाची दिशा ठरवली. शहरातल्या रुग्णालयाची रीत अशी, की ज्यांना धोका जास्त त्यांना हुडकून काढायचे आणि त्यांच्यावर उपचार करायचे. पण जेथे जवळजवळ प्रत्येकाचेच कोलेस्टेरॉल चढलेले आहे, तेथे निवडायचे कोणाला? शिवाय हृदयविकाराने मेलेल्यांपैकी बरेच जण फार मोठ्या धोक्याच्या गटातले नसून मधल्या गटातले असतात, कारण मधल्या गटात माणसेच जास्त असतात. हा विचार इंग्लंडमधील जेफ्री रोझ यांनी १९८० च्या दशकात सूत्ररूपाने मांडला. उत्तर कारेलियाने तो आधीच अमलात आणला होता. साऱ्या प्रांताची सरासरी थोडी थोडी खाली आणायची, हे तिथले उद्दिष्ट होते.

सुदैवाने १९७२ सालीच फिनलंडमध्ये प्राथमिक आरोग्याचा नवा कायदा लागू झाला आणि गावोगाव आरोग्य केंद्रे उभी राहू लागली. कार्यक्रमाने वेगळी फौज उभी केली नाही. याच केंद्रांतल्या परिचारिकांना त्याने हाताशी धरले. रक्तदाबाचे काम जवळजवळ पूर्णपणे त्यांच्याकडे सोपवले. परिचारिका रक्तदाब मोजत, नोंदवहीत लिहीत, डॉक्टरांनी गोळी सुरू केल्यावर ठरावीक दिवशी रुग्णाला पुन्हा बोलावत आणि तो आला नाही तर त्याचा पाठपुरावा करत. प्रांतभरच्या उच्च रक्तदाबाच्या रुग्णांची एकत्रित नोंद ठेवली जाई. आज हे साधे वाटते. पण डॉक्टरांची टंचाई असलेल्या मुलखात डॉक्टरांचे काम परिचारिकेला देणे, तेही आयुष्यभर चालणाऱ्या आजारासाठी, हा त्या काळी मोठा निर्णय होता. शेतकऱ्याच्या दृष्टीने त्यातला फायदा अगदी व्यवहारी होता. त्याला बर्फातून शहरापर्यंत जावे लागत नव्हते आणि समोर बसलेली बाई त्याच्या घरच्यांना ओळखत होती.

आहाराचा प्रश्न मात्र आरोग्य केंद्रात सुटणारा नव्हता. जेवण घरात शिजते आणि कारेलियाच्या घरात ते बायका शिजवत. येथे मदतीला आली मार्था संघटना. १८९९ साली स्थापन झालेल्या या गृहिणींच्या संस्थेच्या शाखा गावोगाव होत्या. आपल्याकडच्या महिला मंडळांसारखेच त्यांचे काम चाले: पाककृती, शिवणकाम, परसबाग, घरखर्चाचा हिशेब. पुस्का यांचे पथक आणि मार्था यांनी मिळून गावच्या सभागृहांत ‘दीर्घायुष्याच्या मेजवान्या’ भरवायला सुरुवात केली.

अशी मेजवानी दुपारी सुरू होई. गावातल्या बायका एकत्र जमून स्वयंपाक करत आणि संध्याकाळी घरातले पुरुषही येत. मधे पथकातला कोणीतरी थोडा वेळ बोले. रक्तातली चरबी, रक्तदाब, तंबाखू यांविषयी चार गोष्टी सांगून तो खाली बसे. मुख्य कार्यक्रम जेवणाचाच. मोठ्या भांड्यात शिजत असे कारेलियन स्ट्यू, म्हणजे त्या प्रांताचा जुना, मानाचा पदार्थ. पूर्वी त्यात डुकराचे आणि गाईचे चरबीदार मांस, मीठ आणि मिरीसारखा मसाला एवढेच असे, आणि भांडे भट्टीत तासन् तास ठेवले जाई. आता मांस कमी झाले, त्यातही चरबी काढलेले, आणि जोडीला गाजर, बटाटे आणि स्वीड नावाचा सलगमसारखा कंद आला. भांडे तेच, भट्टी तीच, नाव तेच. पदार्थ परका वाटला नाही म्हणून तो घरी गेला. भाजी खाण्याचे व्याख्यान ऐकून कोणी भाजी खाल्ली असती, असे मानायला जागा नाही. पण शेजारणीने शिजवलेला, पोटभर खाल्लेला आणि कृती वहीत उतरवून घेतलेला पदार्थ पुढच्या रविवारी चुलीवर चढतो. ग्रामीण आरोग्य शिक्षणाच्या इतिहासात याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण आहे.

१९७० च्या दशकाच्या मध्यापासून या कामाला आणखी एक फळी मिळाली. गावात कोणाचा शब्द मानला जातो, हे दुकानदारांना आणि स्थानिक संस्थांच्या प्रमुखांना विचारून शोधून काढण्यात आले. प्रत्येक गावातून साधारण दोन माणसे निवडली. त्यांना थोडके प्रशिक्षण दिले आणि एवढेच सांगितले, की आपल्या ओळखीच्यांशी बोलत राहा. अशा आठशेच्या आसपास लोकांना तयार करण्यात आले. त्यांत बायकांचा भरणा मोठा होता. त्यांना पगार नव्हता. कोणी दुकानाच्या फळीवर कमी चरबीचे दूध ठेवायला लावी, कोणी बैठकीत सिगारेट बाहेर ओढायला सांगे, कोणी शेजाऱ्याला रक्तदाब तपासायला धाडे. नवी गोष्ट समाजात ओळखीच्या माणसांच्या तोंडून पसरते, हा त्या काळी समाजशास्त्रात रुजलेला सिद्धांत होता. कारेलियात तो गावपातळीवर वापरून पाहिला गेला.

तरीही बाजारात वस्तूच नसेल तर शहाणपणाचा उपयोग काय? गावच्या दुकानात साय न काढलेलेच दूध, लोणी आणि चरबीने भरलेले सॉसेज एवढेच मिळत असेल, तर बाईने घरी काय न्यावे? म्हणून पथक दूध संघ, बेकऱ्या, सॉसेजचे कारखाने आणि दुकाने यांच्या दारी गेले. एका स्थानिक सॉसेज कारखान्याने चरबीचा काही भाग काढून त्याजागी जंगलातले मशरूम घालून पाहिले. बेकऱ्यांनी पावातले मीठ थोडे थोडे घटवले. दुग्धशाळांनी कमी चरबीचे दूध आणले. यातले काहीही एका बैठकीत झाले नाही. उत्पादकांना खप बुडण्याची भीती होती आणि ती दूर व्हायला वर्षे लागली.

सगळ्यात नाजूक प्रश्न दूधवाल्या शेतकऱ्यांचा होता. लोणी कमी खा असे सांगणे म्हणजे ज्या माणसाचा जीव वाचवायचा, त्याच्याच घासावर हात टाकणे होते. दुग्धव्यवसायाच्या संघटनांनी याला जाहीर विरोध केला आणि राष्ट्रीय पातळीवर लोणी विरुद्ध मार्गारीन असा वाद बराच काळ चालला. दुधाचा भाव त्यातल्या चरबीवर ठरत असे. पुढे भाव ठरवताना प्रथिनांना महत्त्व आले. देशातच पिकणाऱ्या मोहरीवर्गातल्या तेलबियांपासून खाद्यतेल निघू लागले आणि लोण्याला घरचाच पर्याय मिळाला. १९८५ पासून प्रांतात फळांचा एक प्रकल्प चालवण्यात आला. त्या थंड हवेत स्ट्रॉबेरी आणि करंटसारखी बेरीवर्गीय फळे चांगली येतात. काही शेतकऱ्यांनी गाई कमी करून ती लावावीत, दुकानांत स्थानिक बेरी वर्षभर मिळाव्यात, लोकांनी त्या खाव्यात, असा त्यामागचा हेतू होता. यासाठी सरकारचे पैसे आणि सल्ला दोन्ही मिळाले. सगळ्या दूधवाल्यांचे नुकसान भरून निघाले असे म्हणता येणार नाही. पण आहार बदलताना पिकाचा आणि धंद्याचाही विचार करावा लागतो, हे येथे कबूल केले गेले. ही कबुली अनेक आरोग्य योजनांमध्ये दिसत नाही.

तंबाखूच्या बाबतीत प्रांताला देशाच्या कायद्याची जोड मिळाली. १९७६ साली फिनलंडने तंबाखूविरोधी कायदा केला. जाहिरातींवर बंदी आली, सार्वजनिक जागी धूम्रपानावर निर्बंध आले, मुलांना विक्री करण्यास मनाई झाली. १९७८ पासून राष्ट्रीय दूरचित्रवाणीवर धूम्रपान सोडण्याची मालिका सुरू झाली. स्टुडिओत साध्या माणसांचा एक गट बसे, पुस्का त्यांच्याशी बोलत आणि घरोघरचे प्रेक्षक त्यांच्याबरोबर सिगारेट सोडण्याचा प्रयत्न करत. पुढे गावागावांत कोलेस्टेरॉल उतरवण्याच्या स्पर्धाही लागल्या. थंडीच्या लांब रात्री आणि मोजक्या वाहिन्या यांमुळे दूरचित्रवाणीवरच्या या मालिकेला मोठा प्रेक्षकवर्ग मिळाला.

पहिल्या पाच वर्षांचा आढावा १९७७ मध्ये घेतला गेला. कोलेस्टेरॉल, रक्तदाब आणि धूम्रपान हे धोक्याचे तिन्ही घटक उतरत होते. त्या वर्षापासून कार्यक्रमातल्या कल्पना देशभर नेल्या गेल्या. दहा वर्षांच्या हिशेबात दिसले, की १९७० च्या दशकात उत्तर कारेलियातील पुरुषांचा हृदयविकाराचा मृत्युदर कुओपिओच्या आणि उरलेल्या फिनलंडच्या सुमारे दुप्पट वेगाने घसरला. त्यानंतर हा फरक पुसट झाला, कारण शेजारी आणि बाकी देशही त्याच वाटेने चालू लागले होते. २००६ पर्यंतचा आकडा सर्वांत बोलका आहे. ३५ ते ६४ वयाच्या पुरुषांत, दर लाखामागे १९६९–७१ या काळात दरवर्षी ६७२ मृत्यू होत. ते १०३ वर आले. घट ८५ टक्क्यांची. धूम्रपान करणारे पुरुष २००७ साली ३१ टक्के राहिले, रक्तदाबाची सरासरी १३८/८३ झाली आणि कोलेस्टेरॉल २१० मिलिग्रॅमच्या घरात आले.

या यशाचे श्रेय कोणाला, यावर शास्त्रज्ञांत वाद झाला आणि तो व्हायलाच हवा होता. कुओपिओतही मृत्यू घटले, मग कार्यक्रमाने काय साधले, असा टीकाकारांचा प्रश्न होता. शिवाय या काळात औषधे सुधारली आणि हृदयविकाराचे उपचार बदलले. एर्क्की वार्तियाइनेन आणि सहकाऱ्यांनी १९९४ साली वीस वर्षांचा हिशेब मांडला. कोलेस्टेरॉल, रक्तदाब आणि धूम्रपान यांतल्या बदलांवरून पुरुषांत ४४ टक्के घट अपेक्षित होती. प्रत्यक्ष घट ५५ टक्के झाली. म्हणजे उतरणीचा मोठा वाटा या तीन घटकांचा, आणि त्यांत सर्वाधिक कोलेस्टेरॉलचा. कोणत्याही कार्यक्रमात नसलेल्या गोष्टींनीही हातभार लावला. पूर्वी फिनलंडमध्ये कॉफी भांड्यात उकळून, न गाळता पीत. तीत कोलेस्टेरॉल वाढवणारी द्रव्ये राहतात. याच दशकांत लोक कागदी फिल्टरच्या कॉफीकडे वळले, ते सोय आणि चव यांसाठी. सावधपणे सांगायचे तर कार्यक्रमाने देशातल्या बदलाला लवकर सुरुवात करून दिली आणि दिशा दिली. सारा बदल एकट्या त्याने घडवला असे नाही.

अपयशेही नोंदलेली आहेत. १९७९ ते १९८२ या काळात मीठ कमी करण्याची खास मोहीम चालवली गेली. तिने रक्तदाबात फारसा फरक पडला नाही. लोक मीठदाणी बाजूला ठेवत होते, पण मीठ पावातून आणि सॉसेजमधून पोटात जात होते. पुढे कारखान्यांनी मीठ घटवले आणि १९९३ पासून जास्त मीठ असलेल्या खाद्यपदार्थांवर तसे छापणे सक्तीचे झाले, तेव्हा मिठाचे प्रमाण देशभर खाली आले. १९७२ साली दहा टक्के बायका धूम्रपान करत. २००७ मध्ये ते प्रमाण अठरा टक्क्यांच्या आसपास होते. घरातले जेवण ज्यांनी बदलले, त्यांच्याच लेकी-सुनांच्या हातात सिगारेट आली. लोकांचे वजनही वाढले, कारण जंगलातले अंगमेहनतीचे काम यंत्रांकडे गेले.

या प्रांताचा अनुभव इतर देशांच्या ग्रामीण भागांत गेला, तेव्हा तो जसाच्या तसा लागू पडला नाही. स्वीडनच्या उत्तरेकडील नॉर्शो या छोट्या पालिकेत १९८५ साली असेच काम सुरू झाले. अमेरिकेच्या मेन राज्यातील फ्रँकलिन परगण्यात १९७० च्या दशकापासून परिचारिका आणि स्वयंसेवक गावोगाव जाऊन रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि धूम्रपान यांवर काम करत राहिले. चार दशकांच्या नोंदींत तेथील मृत्युदर उत्पन्नाच्या मानाने अपेक्षेपेक्षा कमी आढळला. उलट, १९८० च्या दशकात अमेरिकेतील शहरांत आणि उपनगरांत झालेल्या खर्चिक प्रकल्पांत तुलनेच्या शहरांपेक्षा फारसा वेगळा परिणाम दिसला नाही. तेथे सारा देशच त्या वेळी सवयी बदलत होता.

चीनमध्ये अडचण लोण्याची नव्हतीच. उत्तर चीनच्या खेड्यात जेवणातले बहुतेक मीठ घरातली बाई स्वतः घालते. म्हणून तेथे मीठच बदलले गेले. ६०० गावांतील सुमारे २१,००० लोकांवर झालेल्या प्रयोगात निम्म्या गावांना एक चतुर्थांश पोटॅशियम क्लोराइड मिसळलेले मीठ पुरवले. पाच वर्षांत पक्षाघाताचे प्रमाण १४ टक्क्यांनी घटले. निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. फिनलंडमध्ये मिठासाठी कारखान्याकडे जावे लागले, चीनमध्ये चुलीपाशी. प्रत्येक मुलखात आधी हे विचारावे लागते, की धोका नेमका कोणत्या वाटेने घरात येतो.

महाराष्ट्रात हा प्रश्न गडचिरोलीत विचारला गेला. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने २०११ ते २०१३ या काळात जिल्ह्यातील ८६ गावांतल्या मृत्यूंची नोंद तपासली. सर्वाधिक, म्हणजे सुमारे १४ टक्के मृत्यू पक्षाघाताने झाल्याचे दिसले. आदिवासी, गरीब, जंगलालगतच्या भागात मृत्यूचे पहिले कारण मलेरिया किंवा अतिसार नसून मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार निघाला, हे अनेकांना अनपेक्षित होते. पक्षाघाताची मुळे हृदयविकाराशी जोडलेलीच आहेत: चढलेला रक्तदाब आणि तंबाखू. पण येथली तंबाखू सिगारेटमधली नाही. सुपारी, चुना आणि तंबाखू घोटून केलेला खर्रा पानटपरीवर मिळतो आणि पुरुषांबरोबर बायकाही तो खातात. त्यामुळे जिल्ह्यात २०१६ पासून चाललेल्या ‘मुक्तिपथ’ या अभियानाचा रोख खर्रा आणि दारू यांवर आहे, आणि गावसंघटना, शाळा व प्रशासन मिळून ते चालवतात. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे.

रक्तदाबाच्या बाजूने भारतात २०१७ साली पाच राज्यांतील काही जिल्ह्यांत उच्च रक्तदाब नियंत्रणाचा उपक्रम सुरू झाला. महाराष्ट्रात सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा हे पहिले जिल्हे होते. सगळीकडे एकच साधा औषधोपचार, महिनाभराच्या गोळ्या एकदम, रुग्णाची नोंद आणि घराजवळच्या केंद्रात पुन्हा तपासणी, ही त्याची पद्धत आहे. परिचारिकेने ठेवलेली नोंदवही आणि न आलेल्या रुग्णाचा पाठपुरावा, हे कारेलियातले काम येथे आरोग्यसेविका आणि आशा यांच्याकडे आले आहे. गोळीची बाजू अशी हळूहळू उभी राहते आहे. खाणावळ, बेकरी, फरसाणाचे कारखाने आणि दूध संघ यांच्याशी जिल्हा पातळीवर बसून मीठ आणि चरबी कमी करून घेण्याचे काम मात्र महाराष्ट्रातल्या ग्रामीण भागात अजून व्हायचे आहे.